ओकिनामीच्या केसांतली फणी

मी एक जुनी फणी आहे, मित्रांनो. ज्या पेटीत मी राहते तिच्यातल्या वस्तू आधी मोजून सांगते, म्हणजे माझी जागा तुमच्या लक्षात येईल. फण्या चार. एक रुंद दातांची, गुंता सोडवणारी. एक जाड पाठीची, केस ओढून बसवणारी. एक लांब दातांची, केस एका रेषेत लावणारी. चौथी मी, सगळ्यांत बारीक. लोखंडी सळई एक, वीतभर लांब, टोकाशी निमुळती. वस्तरा एक. पांढरा कागद पिळून केलेल्या दोऱ्या तेवीस. जाड सुती दोऱ्याची गुंडी एक. केसांना लावायच्या घट्ट मेणतेलाच्या वड्या दोन, त्यांतली एक अर्धी झालेली. माझ्या दोन्ही बाजूंचे मिळून दात एकशे सतरा. कारागिराने मला घडवले तेव्हा ते एकशे चोवीस होते. सहा दात बेचाळीस वर्षांत एकेक करून गेले. सातवा एका दुपारी गेला, आणि मला त्या दुपारबद्दलच सांगायचे आहे.

माझे लाकूड जपानच्या दक्षिणेकडच्या कागोशिमातले. त्सुगे नावाचे ते झाड फार हळू वाढते, म्हणून त्याचे लाकूड कठीण आणि पिवळसर असते. झाड कापले की लगेच फणी होत नाही. लाकडाच्या चिपा गोल जुडीत आवळून धुरावर धरतात आणि मग वर्षानुवर्षे तशाच ठेवून देतात, कारण ओले लाकूड वाळताना वाकते. माझ्या लाकडाने सात वर्षे वाट पाहिली. त्यानंतर ओसाकाजवळच्या एका कारागिराने माझा एकेक दात करवतीने कापला, खरखरीत देठाच्या एका गवताने प्रत्येक दाताच्या कडा घासल्या आणि मला त्सुबाकी या फुलझाडाच्या बियांच्या तेलात बुडवून ठेवले. माझ्या दोन दातांमधून पोस्टकार्डसुद्धा जात नाही.

मला विकत घेतले ते एकोणीस वर्षांच्या एका केशकाराने. सुमोच्या पैलवानांचे केस बांधणाऱ्यांचे धंद्यातले नाव 'तोको'ने सुरू होते. यांचे नाव तोकोसावा. तोक्योच्या र्‍योगोकू भागातल्या मिझुहारा तालमीत ते कामाला लागले आणि तिथेच त्यांचे केस पांढरे झाले. पैलवान त्यांना आदराने सावा-सान म्हणत.

आमचे काम तुम्हाला थोडक्यात सांगते. सुमोचा पैलवान केस कापत नाही. पहाटेचा सराव आणि अंघोळ आटोपली की पैलवान चटईवर ओळीने येऊन बसतात. सावा-सान एकेकाच्या मागे गुडघे टेकून बसत. आधी मेणतेल तळहातावर घासून मऊ करायचे आणि केसांच्या मुळापासून टोकापर्यंत चोळायचे. मग गुंता काढायचा. मग मी. केसांतला कालचा घाम, माती आणि शिळे तेल ओढून काढणे हे माझे काम. माझ्यानंतर केस एका मुठीत घेऊन कागदी दोरीने बांधायचे. दोरीचे एक टोक सावा-सान दातांत धरत, दुसरे उजव्या हातात, आणि मान मागे टाकून अशी ओढ देत की समोरच्या पैलवानाच्या भुवया वर चढत. भुवया चढल्या की गाठ बरोबर बसली असे समजायचे.

बुचडे दोन तऱ्हांचे. साधा बुचडा म्हणजे बांधलेली शेपटी पुढे दुमडून डोक्यावर आडवी ठेवायची. तो सगळ्यांचा. दुसऱ्यात शेपटीचे टोक गिंको झाडाच्या पंख्याच्या आकाराच्या पानासारखे पसरतात आणि बाजूचे केस सळईने फुगवून कानांवर गोलाई आणतात. आमच्या तालमीत त्याला नुसते 'पान' म्हणत. पान फक्त वरच्या दोन वर्गांतल्या पैलवानांचे. खालच्यांना ते बांधून मिरवता येत नाही. अपवाद एक. तिसऱ्या वर्गातल्या पैलवानाची कुस्ती वरच्या वर्गातल्याशी लागली, तर तेवढ्या दिवसापुरते त्याच्या डोक्यावर पान बांधतात. सुमोत जो आधी रिंगणाबाहेर जातो, किंवा ज्याचे पायांच्या तळव्यांखेरीज काही आधी मातीला टेकते, तो हरतो. आणि बुचडा कोणताही असो, कुस्तीत प्रतिस्पर्ध्याने तो धरला, अगदी चुकून बोटे अडकली, तरी धरणारा हरतो.

कौतुकाचे दिवस मी पाहिले. सावा-सान नव्या पोरांना मला दाखवून म्हणत, "ही फणी माझ्या लग्नाहून जुनी आहे. हिने मला आजवर उलट उत्तर दिलं नाही."

"म्हणून तर बिचारीचे दात पडले, सावा-सान," एक जाडजूड पैलवान म्हणाला होता, आणि त्या दिवशी त्याचा बुचडा जरा जास्तच घट्ट बांधला गेला.

उपेक्षेचेही दिवस पाहिले. मध्ये दोन वर्षे कोणीतरी नायलॉनची फणी भेट दिली आणि मी पेटीच्या तळाशी गेले. पण नायलॉन कोरड्या केसांवर घासले की केस उभे राहतात, फणीला चिकटतात आणि तुटतात. थंडीत तर पैलवान ओरडायचेच बाकी राहत. तिसऱ्या थंडीत मला पुन्हा वर काढले.

त्याच थंडीत ओकिनामी आला. सादो बेटावरचा, अठरा वर्षांचा, खरे नाव होन्मा दाइगो. घरी आई, साचिए. त्या बंदरावर स्क्विड मासे सुकवायच्या. केस वाढायला दीड वर्ष लागले, आणि वाढले तेव्हा सावा-सान पहिल्यांदा थक्क झाले. ते प्रत्येक पैलवानाच्या केसांच्या जुडीचा घेर गाठीपाशी मोजत असत. त्यासाठी एका कागदी दोरीवर त्यांनी शाईने खुणा केल्या होत्या. ओकिनामीची जुडी भरली नऊ सेंटिमीटर आणि वर दोन मिलिमीटर. इतक्या दाट केसांवर बुचडा नीट बसत नाही, फुगून वर येतो. म्हणून डोक्याच्या मध्यावर वाटीच्या तळाएवढी जागा वस्तऱ्याने साफ करावी लागायची.

"चंद्र उगवला," पोरे हसायची.

"दर महिन्याला उगवतो," ओकिनामी म्हणायचा. "तुमच्यासारखी कायमची अमावास्या नाही."

तो गमत्या होता, आणि कष्टाळूही. अठराव्या वर्षापासून बत्तिसाव्यापर्यंत तो तिसऱ्या वर्गाच्या वर गेला नाही. पाच वेळा वरच्या टोकाशी पोहोचला आणि पाचही वेळा घसरला. दरवेळी परत आल्यावर तो माझ्यासमोर पाठ करून बसायचा आणि सावा-सानना सांगायचा, "पान बांधायला हात तयार ठेवा. पुढच्या वेळी."

"हात तयारच आहेत. तू ये," ते म्हणायचे.

मित्रांनो, आता मला जे सांगायचे आहे त्यात माझाच हात आहे, म्हणून ते सांगणे जड जाते. ओकिनामी सत्तावीस वर्षांचा होता तेव्हा माझ्या दातांत त्याचे केस राहू लागले. केस सगळ्यांचेच राहतात. दहा-पंधरा राहिले तर कोणी मोजत नाही. त्याचे रोज वीस-बावीस राहू लागले. केसाचे मूळ कातडीत तीन-चार मिलिमीटर खोल असते. त्याला रोज एकाच दिशेने ओढत राहिले की ते आधी दुखते, मग तिथून बारीक केस येतो, मग केस येणेच थांबते. पहिल्यांदा कपाळाची कड मागे सरकली, मग कानांच्या वरची जागा. आणि डोक्याच्या मध्यावर वस्तऱ्याने साफ केलेली वाटी होती, तिथले केस परत यायचे थांबले. वस्तऱ्याची गरज संपली. पोरांनी चंद्रावर बोलणे बंद केले, आणि ते जास्त वाईट होते.

मी हळू फिरले तरी केस येत, जोरात फिरले तरी येत. मी न फिरता राहू शकत नव्हते, कारण शिळे तेल तसेच ठेवले तर मुळे आणखी बुजतात. जितके नीट मी माझे काम करी, तितका त्याच्या डोक्यावरचा ऐवज कमी होई. लाकडाला ओरडता येत नाही.

दर सकाळी ओकिनामी विचारायचा, "सावा-सान, आज किती गेले?"

सावा-सान मला केसांतून काढत, माझ्याकडे एकदा बघत आणि म्हणत, "आठ-दहा."

तिसाव्या वर्षी ते साठ होते. त्यांनी सांगितले आठ-दहा. यंदाच्या जानेवारीत एका सकाळी मी मोजले, एकशे बारा. ते म्हणाले, "आठ-दहा. थंडी आहे ना." मग माझ्या दातांतले केस ओढून त्यांची गोळी केली आणि हळूच आपल्या बाहीत सारली. ओकिनामीच्या पाठीला डोळे नव्हते. मला होते, पण जीभ नव्हती.

बुचडा बांधता आला नाही तर पैलवानकी सोडावी लागते, असे तालमीत म्हणतात. नियमाच्या कोणत्या कलमात ते लिहिले आहे हे कोणी मला दाखवले नाही. पण म्हणतात सगळे, आणि मानतातही. एप्रिलमध्ये वस्ताद, म्हणजे तालमीचे मालक, सराव संपल्यावर चटईपाशी आले. ते स्वतः एके काळी वरच्या वर्गात होते. त्यांनी ओकिनामीच्या डोक्याकडे बराच वेळ पाहिले, मग सावा-सानकडे. सावा-साननी खाली पाहिले. वस्ताद आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओकिनामीला बोलावून सांगितले की मे महिन्याची स्पर्धा शेवटची समज. वर गेलास तर ठीक. नाही गेलास तर वयाची बत्तीस वर्षे झाली, घरी आई एकटी आहे, केस उतरवू या, पैलवानकी संपवू या.

त्या महिन्यात जुडी चार सेंटिमीटर आणि नऊ मिलिमीटर भरली.

मेची स्पर्धा र्‍योगोकूच्याच सभागृहात होती. तिसऱ्या वर्गातल्या पैलवानाला पंधरा दिवसांत सात कुस्त्या मिळतात. ओकिनामीने सहांपैकी तीन जिंकल्या, तीन हरला. शनिवारी दुपारी शेवटच्या दिवसाच्या जोड्यांचा कागद आला आणि तो हातोहात तालमीभर फिरला. त्याची जोडी वरच्या वर्गाच्या तळाशी असलेल्या कुरोगाशीशी लागली होती. अशा कुस्तीला सगळे अदलाबदलीची कुस्ती म्हणतात. जो जिंकेल तो वर, हरेल तो खाली. चौदा वर्षांत पहिल्यांदा ओकिनामीच्या डोक्यावर पान बांधायचे होते.

त्याने आईला फोन केला. त्या शनिवारच्याच बोटीने निगाताला उतरल्या आणि तिथून रेल्वेने निघाल्या.

संध्याकाळी सावा-साननी त्याला चटईवर बसवले. उद्याची रंगीत तालीम, असे म्हणाले. भरपूर मेणतेल लावले. मी हलके हलके फिरले. मग कागदी दोरी दातांत धरून त्यांनी नेहमीसारखी ओढ दिली. उजव्या कानाच्या वर एक बारीकसा आवाज झाला, वाळलेली काडी मोडावी तसा. ओकिनामीने भुवई चढवली, पण मान हलवली नाही. सावा-साननी गाठ सोडली. बोटभर जाडीची एक बट त्यांच्या मुठीत राहिली होती. मुळांसकट.

"काय झालं?" ओकिनामीने विचारले.

"दोरी जुनी. तुटली."

ती बट बाहीत गेली. त्यांनी पुन्हा बांधायला घेतले, पण या वेळी ओढ दिली नाही, फक्त गुंडाळले. सातऐवजी नऊ वेढे दिले आणि मेणतेलाने बसवले. पान उभे राहिले. रुंदी सहा सेंटिमीटर. वरच्या वर्गातल्यांचे पान नऊच्या आसपास असते. पण ते पान होते. तालमीतली पोरे येऊन येऊन बघून गेली आणि एकाने आरसा आणून दिला. ओकिनामी आरशात इतका वेळ बघत राहिला की आरसा धरणाऱ्याचा हात अवघडला.

मित्रांनो, त्या क्षणी सावा-सानपुढे दोन वाटा होत्या आणि मला दोन्ही दिसत होत्या. घट्ट बांधावे तर उरलेले केस मुळासकट येणार, पान नाही आणि बुचडाही नाही. ढिले बांधावे तर पान उभे राहील, पण कुस्तीच्या धक्क्याला टिकेल की नाही कोण जाणे. तिसरीही एक वाट होती. ओकिनामीला खरे सांगायचे आणि कोणता बुचडा बांधायचा हे त्याला ठरवू द्यायचे. कदाचित त्याने म्हटले असते, घट्ट बांधा, केस गेले तर जाऊ देत. ती वाट सावा-साननी पाहिलीच नाही, असे मला वाटते. इतकी वर्षे ते आठ-दहा म्हणत आले होते.

रविवारी दुपारी सभागृहातल्या कपडे बदलायच्या खोलीत त्यांनी पान बांधले. वरच्या वर्गातले पैलवान रेशमी रंगीत लंगोटांत फिरत होते. ओकिनामीचा लंगोट काळा, सुती, तिसऱ्या वर्गाचा. डोके तेवढे वरच्या वर्गाचे.

"सावा-सान," तो म्हणाला, "भुवया ओढल्या गेल्या नाहीत."

सावा-सान थोडा वेळ सळईने पानाची कड नीट करत राहिले. "पानात नाही ओढल्या जात," ते म्हणाले. "साध्या बुचड्यात ओढल्या जातात. पानात बाजूचे केस फुगवलेले असतात ना, ताण तिकडे जातो."

ते खोटे होते. पानातही तितकीच ओढ असते, मी शेकडो बांधताना पाहिली आहेत. पण ओकिनामीने काल पहिल्यांदा पान बांधून घेतले, तेही ढिले, त्याला कसे कळावे. त्याने मान हलवली, हळूच, पान विस्कटू नये म्हणून.

केशकार सहसा खोलीतच थांबतात. त्या दिवशी सावा-सान मला मुठीत घेऊन पैलवानांच्या वाटेच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. पेटीत ठेवायचे विसरले असावेत. तिथून मातीचा उंच हौदा तिरपा दिसत होता. तिसऱ्या रांगेत ओकिनामीची आई साचिए बसल्या होत्या, मांडीवर जेवणाचा डबा, न उघडलेला. कुरोगाशीचे वजन एकशे अडुसष्ट किलो. ओकिनामीचे एकशे एकतीस.

दोघे मुठी टेकून वाकले, आणि उठले. उठतानाही ओकिनामी वाकलेलाच राहिला. त्याने डोके कुरोगाशीच्या छातीत घातले आणि तो ढकलत निघाला. मला आवाज ऐकू आला तो फक्त पायांचा, मातीवर घासणारा. एक पाऊल, दोन, तीन. कुरोगाशीची टाच रिंगणाच्या पेंढ्याच्या कडेला लागली. सावा-सान पुटपुटले, "जा. जा." तेवढ्यात कागदी दोरी सुटली. मी पाहिली ती. पांढरी, सरळ झालेली, हवेत गेली. पान उघडले आणि सगळे केस ओकिनामीच्या डोळ्यांवर आले. कुरोगाशीचा उजवा हात त्याच्या मानेमागे आला होता, बोटे केसांत शिरली, हात खाली आला. ओकिनामीचे दोन्ही तळवे मातीवर टेकले. कुरोगाशी मागच्या मागे हौद्याबाहेर गेला. पण नंतर.

मधल्या पंचाने निकाल दाखवायचा हातातला पंखा कुरोगाशीच्या बाजूला केला. त्याच वेळी खाली बसलेल्या पंचांपैकी एकाने हात वर केला. काळ्या किमोनोतले पाचही जण मातीवर चढले.

"हात बुचड्यात होता," सावा-सान शेजारच्या पैलवानाला म्हणाले. "तू पाहिलंस ना. बुचडा धरला त्याने. धरला की नाही?"

"धरला," तो पैलवान म्हणाला.

पंच चार मिनिटे बोलले. ओकिनामी खाली उभा होता, केस खांद्यांवर, एका हाताने डोळ्यांवरचे केस बाजूला धरून. त्याच्याकडे कोणी विचारायला आले नाही, विचारत नाहीत. मग मुख्य पंचाने ध्वनिक्षेपक हातात घेतला. पैलवानाने बुचडा धरला की काय यावर चर्चा झाली, असे तो म्हणाला. पाहणी केली असता बुचडा हात लागण्याच्या आधीच सुटलेला होता. हातात आले ते मोकळे केस. पंख्याचा निर्णय कायम.

तेव्हा माझा दात मोडला. सावा-साननी मूठ आवळली होती आणि त्यांना ते कळले नाही. पुढे खोलीत आल्यावर त्यांच्या तळहातावर रक्ताचा थेंब दिसला.

मित्रांनो, दोरी घट्ट असती तर ती सुटली नसती. सुटली नसती तर कुरोगाशीची बोटे बुचड्यातच अडकली असती आणि तो हरला असता. हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होते.

ओकिनामी येऊन चटईवर बसला. सवयीने पाठ करून बसला. सावा-सान त्याच्या मागे गुडघे टेकून बसले. केसांत माती होती. रुंद दातांच्या फणीने त्यांनी टोकांपासून सुरुवात केली. मग मला घेतले.

"ढिलं मीच बांधलं," ते म्हणाले. "काल संध्याकाळी बट आली हातात. दोरी तुटली नव्हती. आज घट्ट बांधलं असतं तर सगळंच आलं असतं असं मला वाटलं. तुला विचारलं नाही."

मी केसांत होते, मला त्याच्या डोक्याची ऊब लागत होती.

"मला वाटलंच होतं," ओकिनामी म्हणाला. "बारा वर्षं रोज कपाळ ठणकतंय माझं. आज नाही ठणकलं. मी म्हटलं, पान म्हणजे असं असतं की काय, एवढं हलकं. मला बरं वाटलं, सावा-सान. मीही विचारलं नाही पुढे."

थोड्या वेळाने त्याने विचारले, "आज किती गेले?"

सावा-साननी मला केसांतून काढले. त्यांनी मोजायला सुरुवात केली. मोठ्याने. एकेक केस माझ्या दातांतून काढून चटईवर ठेवत गेले. कपडे बदलून पैलवान ये-जा करत होते, कोणी थांबले नाही. एकशे चौतीस झाले तेव्हा ते थांबले.

"रोज?" ओकिनामीने विचारले.

"जानेवारीपासून."

"आणि आठ-दहा?"

"तुला बावीस वर्षं पूर्ण व्हायच्या आधी असायचे."

ओकिनामी हसला. अगदी थोडा. "बघा, तेव्हा तरी खरं होतं."

लाकडाची एक फणी तुम्हाला आणखी काय सांगणार. केस विंचरताना टोकांपासून सुरुवात करा आणि मुळाकडे जा. उलट केलेत तर गुंता मुळाशी जमतो. केस बांधत असाल तर आठवड्यातून दोन दिवस तरी मोकळे ठेवा, आणि गाठ रोज एकाच जागी घालू नका. लाकडी फणी पाण्यात भिजवू नका, तिला तेल लावा. आणि तुमच्यापैकी कोणी दुसऱ्याच्या डोक्यामागे बसत असेल, जे त्याला स्वतःला दिसत नाही ते तुम्हाला दिसत असेल, आणि त्याने विचारले की आज किती गेले, तर खरा आकडा सांगा. तो आकडा त्याचा आहे. एवढे केलेत तरी माझ्यासारख्या फण्यांवर उपकार होतील. आम्हाला मोजता येते. सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी तालमीत शेवटच्या दिवसाचे जेवण होते. जेवणाआधी खोलीच्या मध्यावर एक खुर्ची ठेवली. वरच्या वर्गातल्यांचे केस सभागृहात, शेकडो लोकांसमोर उतरवतात. तिसऱ्या वर्गातल्यांचे असे घरच्या घरी. सावा-सान पेटी घेऊन आले आणि त्यांनी ओकिनामीला वाकून विचारले, "कोणता बांधू? शेवटचा आहे. पान बांधलं तरी आज कोणी काही म्हणणार नाही."

"साधा," ओकिनामी म्हणाला. "पण ढिला."

मी एकदा फिरले, आणि मग मला बाजूला ठेवले. सावा-साननी दोरी दातांत न धरता हातानेच बांधली.

पैलवान, शेजारचे दुकानदार, जुने ओळखीचे, एकेक जण येऊन कात्रीने थोडा थोडा भाग कापून गेले. कोणी खांद्यावर हात ठेवला, कोणी नुसतेच मान वाकवून गेले. साचिए शेवटून दुसऱ्या होत्या. त्यांनी कात्री उजव्या हातात घेतली. मग त्यांनी डाव्या हाताने मुलाच्या डोक्यावरच्या मधल्या जागेला हात लावला, जिथे केस नव्हते तिथे.

"दुखेल का रे?"

"नाही गं आई. केसांना कळत नाही."

"आणि तुला?"

ओकिनामीने मान पुढे वाकवली. साचिएंनी कात्री लावली. नंतर वस्ताद आले आणि त्यांनी उरलेला भाग कापला. बुचडा पांढऱ्या कागदावर ठेवला. साचिएंनी तो सादोला घेऊन जायचे ठरवले होते. बोटीत ओल येते, म्हणून सावा-सान तो कागदात बांधून देणार होते, आणि त्याआधी त्यांना तो मोजायचा होता. कोणीतरी स्वयंपाकघरातून मासे तोलायचा काटा आणला. त्यांनी तो पुसला, काट्यावर आधी रिकामा कागद ठेवून शून्य केले आणि बुचडा वर ठेवला. शाईच्या खुणांची दोरी लावून लांबीही पाहिली.

लांबी चौतीस सेंटिमीटर. वजन, मेणतेलासकट, सत्तेचाळीस ग्रॅम.